गिम्पवर हात बसवायचा तर: एकच फोटो, ठरलेला क्रम

फोटोचं नवं सॉफ्टवेअर उघडलं की बहुतेक जण डावीकडच्या टूलबॉक्समधलं पहिलं चित्र दाबून बघतात, मग दुसरं, मग तिसरं. तासाभरात फोटोचा विचका होतो, कशाने झाला ते उमगत नाही आणि सॉफ्टवेअर अवघड ठरवून बंद केलं जातं. खरी अडचण क्रमाची असते. कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर हे पक्कं असेल, तर पहिल्या आठवड्यात दहा-बारा टूल्सच्या पलीकडे जायची गरजच पडत नाही.

इथे गिम्प घेतलं आहे. ते मोफत आहे, विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतं, आणि फोटोशॉपची सवय असलेले लोक त्यात नेमके ठरावीक जागी अडकतात. मेनूंची नावं इंग्रजी स्क्रीनवर दिसतात तीच देवनागरीत लिहिली आहेत.

## बसण्याआधीची तयारी

सॉफ्टवेअर कुठून घ्यायचं. गिम्प डॉट ऑर्ग या मूळ संकेतस्थळावरूनच. पैसे मागणारी किंवा सोबत आणखी चार प्रोग्रॅम टाकू पाहणारी जागा दिसली की तिथून निघा. मार्च २०२५मध्ये ३.० आवृत्ती आली. जुन्या संगणकावर २.१० असली तरी खालचे टप्पे जवळजवळ असेच चालतात.

सरावाचा फोटो. एकच निवडा, आणि तो जरा बिघडलेला असू द्या. नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर संध्याकाळी मोबाइलवर काढलेला घरच्यांचा फोटो यासाठी उत्तम. त्यात पाण्याची रेषा कललेली असते, सूर्य पाठीमागे असल्याने चेहरे काळवंडलेले असतात, सगळ्यावर पिवळट झाक असते आणि कोपऱ्यात एखादं वेफर्सचं पाकीट पडलेलं असतं. शिकायच्या सगळ्या गोष्टी त्या एका फोटोत सापडतात. चांगल्या फोटोवर सराव केला तर आपण सुधारणा केली की बिघडवला, हेच कळत नाही.

फोल्डर. तीन करा: मूळ, काम, तयार. मोबाइलमधला फोटो केबलने 'मूळ'मध्ये आणा आणि त्याची प्रत 'काम'मध्ये ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून स्वतःलाच साधा फोटो म्हणून पाठवलेली प्रत घेऊ नका. ती आकाराने घटलेली असते आणि उजळायला गेलं की सावल्यांत चौकोनी ठिपके वर येतात. केबल नसेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

स्क्रीन. नागपुरात दुपारच्या उजेडात खिडकीजवळ बसलं की स्क्रीनची चमक शंभर टक्क्यांवर नेली जाते. त्या स्क्रीनवर ठीक दिसणारा फोटो कागदावर अंधारा छापून येतो. पडदा ओढा, स्क्रीनशेजारी पांढरा कोरा कागद धरा आणि स्क्रीनवरचा पांढरा भाग साधारण त्या कागदाइतकाच उजळ दिसेल इतपत चमक खाली आणा.

कीबोर्ड. मराठी टायपिंग चालू राहिलं तर शॉर्टकट दगा देतात. आधी इंग्रजीवर आणा.

## टप्पा १: खिडकी ओळखीची करा

फोटो अजून उघडू नका. 'विंडोज' मेनूत 'सिंगल विंडो मोड'वर खूण आहे ना, एवढं बघा. नसेल तर टूलबॉक्स आणि पॅनल वेगवेगळ्या खिडक्यांत विखुरतात.

आता तीन जागा डोळ्यांत बसवा. डावीकडे टूलबॉक्स. त्याच्याच खाली 'टूल ऑप्शन्स', म्हणजे हातात घेतलेल्या टूलची मापं आणि खुणा. उजवीकडे 'लेयर्स', म्हणजे फोटोचे एकावर एक रचलेले थर. नवखे लोक 'टूल ऑप्शन्स'कडे फिरकतच नाहीत, आणि ब्रश चालत नाही किंवा क्रॉप भलत्याच मापाचा होतो, याचं कारण बहुतेक वेळा तिथेच असतं.

टूलबॉक्समध्ये एका चित्राखाली अनेक टूल्स दडलेली असतात. चित्रावर बटण दाबून धरलं की ती उघडतात.

> सावधान: चुकून 'टॅब' दाबलं की सगळी पॅनल नाहीशी होतात. काही बिघडलेलं नसतं. पुन्हा 'टॅब' दाबा.

फोटोशॉपवर हात बसलेल्यांनी तीन शॉर्टकट आधी विसरावेत. तिकडे कंट्रोल + एल म्हणजे लेव्हल्स, इथे त्याने लेयर्सचं पॅनल येतं. तिकडे कंट्रोल + डीने निवड (फोटोचा आखून घेतलेला भाग) सुटते, इथे पूर्ण फोटोची दुसरी प्रत नव्या टॅबमध्ये उघडते आणि माणूस नकळत त्या प्रतीवर काम करत बसतो. सगळ्यात त्रासदायक कंट्रोल + टी. इथे त्याने निवडीची हलती तुटक रेषा फक्त दिसेनाशी होते, निवड मात्र कायम राहते. गिम्पमध्ये निवड सोडायची तर कंट्रोल + शिफ्ट + ए.

## टप्पा २: फोटो उघडा आणि लगेच सेव्ह करा

'काम'मधली प्रत उघडा. उघडताना फोटो फिरवायचा का असं विचारलं तर 'रोटेट' म्हणा. रंगांच्या प्रोफाइलबद्दल विचारलं तर 'कन्व्हर्ट' निवडा. त्याने फोटो एसआरजीबी या रंगांच्या नेहमीच्या प्रोफाइलमध्ये येतो. घरगुती कामाला आणि नेहमीच्या छपाईला तेवढं पुरेसं आहे.

आता काहीही करण्याआधी कंट्रोल + एस. गिम्प एक्ससीएफ नावाची फाइल बनवेल. ही तुमची कामाची वही. यात लेयर, मास्क, अक्षरं सगळं सुटं राहतं. जेपेगमध्ये यातलं काही राहत नाही. गिम्प ठरावीक वेळाने आपोआप सेव्ह करत नाही, त्यामुळे मे महिन्यात वीज गेली की शेवटच्या कंट्रोल + एसनंतरचं काम गेलंच समजा. प्रत्येक टप्पा संपला की एकदा सेव्ह.

> सावधान: 'फाइल' मेनूत 'ओव्हरराइट' असा पर्याय दिसेल. तो उघडलेल्या जेपेगवरच नवा फोटो लिहितो. शिकताना त्याला हात लावू नका.

## टप्पा ३: सरळ करा, मग कापा

हे काम लेयर वाढवण्याआधीच उरकायचं. दोन लेयर झाल्यावर फोटो सरळ करायला गेलात तर निवडलेला एकच लेयर फिरतो, खालचा तिरकाच राहतो आणि कडांना दुहेरी प्रतिमा दिसते.

१. 'मेझर' टूल घ्या (शिफ्ट + एम). पाण्याच्या रेषेवर डावीकडून उजवीकडे ओढा.

२. टूल ऑप्शन्समधलं 'स्ट्रेटन' दाबा.

पलीकडचा काठ आपल्यापासून तिरपा दूर जात असेल तर ती रेषा मुळातच आडवी नसते. तिच्यावर फोटो सरळ केला की माणसं कलतात. अशा वेळी फोटोच्या मध्याजवळचा दिव्याचा खांब शोधा आणि त्याच्यावर उभी रेषा ओढा. कडेचे खांब लेन्समुळे वाकलेले असतात, ते नकोत.

३. 'क्रॉप' टूल घ्या (शिफ्ट + सी). सरळ करताना कोपऱ्यांत रिकामे त्रिकोण तयार होतात, ते बाहेर राहतील अशी चौकट ओढा.

प्रिंट काढायची असेल तर इथेच गुणोत्तर ठरवा. बहुतेक मोबाइलचा फोटो ४:३ असतो आणि ४×६ इंचाची प्रिंट ३:२. नागपुरात बर्डीवरच्या फोटो लॅबला फोटो तसाच दिला तर मशीन वरचा-खालचा भाग कापते. ४०००×३००० पिक्सेलच्या फोटोतले ३३३ पिक्सेल उंचीतून जातात, आणि मागच्या रांगेतल्या उंच माणसाचं डोकं छाटलं जातं. म्हणून टूल ऑप्शन्समध्ये 'फिक्स्ड'वर खूण करा, 'अ‍ॅस्पेक्ट रेशो' निवडा, ३:२ लिहा आणि काय कापायचं ते स्वतः ठरवा. डोक्यावर थोडी जागा सोडा, कारण लॅबमध्ये कडेचे एक-दोन मिलिमीटर जातातच.

तपासा: फोटो ४००० पिक्सेल रुंद असेल तर क्रॉपनंतर निदान १८०० उरायला हवेत. ४×६ इंचाला ३०० पिक्सेल प्रति इंच या हिशेबाने १८००×१२०० लागतात.

## टप्पा ४: उजेड

लेयरची प्रत करा (कंट्रोल + शिफ्ट + डी). यापुढचं काम वरच्या प्रतीवर. नव्या ३.० आवृत्तीत बहुतेक फिल्टर नंतरही बदलता येतात, तरी ही सवय सोडू नका. लेयरशेजारचा डोळा बंद-चालू केला की आधीचं आणि नंतरचं लगेच दिसतं.

'कलर्स'मधून 'लेव्हल्स' उघडा. आलेख डोंगरासारखा दिसेल. डावी बाजू काळोखाची, उजवी उजेडाची. डावीकडचा काळा त्रिकोण डोंगर जिथे सुरू होतो तिथपर्यंत आणा, उजवीकडचा पांढरा जिथे संपतो तिथपर्यंत. मधला राखाडी त्रिकोण डावीकडे सरकवला की फोटो उजळतो. डोंगर दोन्ही कडांना आधीच टेकलेला असेल तर बाहेरच्या त्रिकोणांना हात लावू नका. त्यांना आत ढकललं की आकाशातल्या ढगांचे बारकावे पांढऱ्यात आणि केसांचे काळ्यात बुडतात.

'ऑटो इनपुट लेव्हल्स' हे बटण मोह पाडतं. दुपारच्या फोटोला ते कधी कधी जमतं. संध्याकाळच्या फोटोतला केशरी रंग मात्र ते दोष समजून काढून टाकतं.

## टप्पा ५: चेहरे, आणि मास्कची गोष्ट

सूर्य पाठीमागे असलेल्या फोटोत सगळा उजेड वाढवला तर आकाश फटफटीत होतं, न वाढवला तर चेहरे काळे राहतात. एकाच फोटोच्या दोन भागांना वेगळी वागणूक द्यायची तर मास्क लागतो, म्हणजे लेयरचा कोणता भाग दिसेल आणि कोणता झाकला जाईल हे ठरवणारा पडदा. इतर सगळं घाईत शिकलात तरी चालेल, इथे मात्र थांबा. मास्क समजला की कोणत्याही गंभीर फोटो-सॉफ्टवेअरचा अर्धा गाभा समजतो.

१. उजेड सुधारलेल्या लेयरची आणखी एक प्रत करा.

२. 'कलर्स'मधून 'कर्व्ह्‌ज' उघडा. तिरप्या रेषेच्या मध्याच्या किंचित डावीकडे धरून वर ओढा, चेहरे नीट दिसेपर्यंत. आकाश खराब होईल, होऊ द्या.

३. त्या लेयरवर उजवं बटण दाबून 'अ‍ॅड लेयर मास्क', मग 'ब्लॅक'. उजळलेला लेयर पूर्ण झाकला जाईल आणि फोटो पूर्वीसारखा दिसेल. हे बरोबरच आहे.

४. 'डी' दाबा म्हणजे रंग काळा-पांढरा होतील, मग 'एक्स' दाबून पांढरा पुढे आणा. ब्रश घ्या (पी). हार्डनेस कमी असलेला, मऊ कडेचा ब्रश निवडा आणि टूल ऑप्शन्समध्ये ओपॅसिटी (रंगाचा दाटपणा) ३० ते ४०वर ठेवा.

५. चेहऱ्यांवर ब्रश फिरवा. जिथे पांढरा लागेल तिथे उजळलेला लेयर उघडा पडतो. कमी वाटलं तर बटण सोडून पुन्हा एक हात द्या. जास्त झालं तर 'एक्स' दाबून काळ्याने परत झाका.

> सावधान: चेहऱ्यावर चक्क पांढरा रंग लागला तर तुम्ही मास्कवर नाही, फोटोवर रंगवत आहात. कंट्रोल + झेड करा, लेयर्समध्ये त्या लेयरची दोन छोटी चित्रं दिसतील, त्यातल्या मास्कच्या चित्रावर एकदा क्लिक करा आणि पुन्हा सुरुवात करा.

कान, गळा आणि हात राहून जातात. उजळ चेहरा आणि खाली काळा गळा असला की फोटोत हात घातल्याचं दुरूनही कळतं. ब्रशचं माप चौकोनी कंसाच्या कळांनी बदलत, सगळ्या उघड्या त्वचेवरून हलका हात फिरवा. शेवटी लेयरची ओपॅसिटी शंभरवरून सत्तरच्या आसपास आणून बघा. बहुतेक वेळा तेच बरं दिसतं.

तपासा: 'व्ह्यू' मेनूतून किंवा '१' ही कळ दाबून फोटो शंभर टक्के मापात बघा. चेहऱ्याभोवती उजळ वलय दिसत असेल तर ब्रशची कड कडक आहे.

## टप्पा ६: रंग

उजेडाच्या आधी रंगाला हात लावला तर काम दोनदा करावं लागतं, कारण लेव्हल्स हलवल्या की रंगांची तीव्रताही बदलते.

आधी झाक. लेयर्समध्ये सगळ्यात वरच्या लेयरवर उजवं बटण दाबून 'न्यू फ्रॉम व्हिजिबल' निवडा आणि त्या एकत्र लेयरवर काम करा. 'कलर्स'मधून 'कलर टेम्परेचर' उघडा, आधीचं आणि नंतरचं शेजारी दिसावं म्हणून 'स्प्लिट व्ह्यू'वर खूण करा आणि पट्टी थोडी थोडी हलवा. कुणाचा पांढरा सदरा असेल तर नजर त्याच्यावर ठेवा. संध्याकाळचा फोटो असेल तर सदरा शुभ्र करायच्या भरीस पडू नका, थोडी ऊब राहिली पाहिजे.

मग त्याच मेनूतून 'सॅच्युरेशन', म्हणजे रंगांची तीव्रता. मूळ आकडा १ असतो. १.१ ते १.१५ पुरे. जास्त नेलं की सगळ्यात आधी पिवळा आणि केशरी फाटतो, आणि नागपूरच्या फोटोंत हेच दोन रंग भरपूर. पिवळ्या मारबतीच्या, म्हणजे नागपुरात पोळ्याच्या सुमारास निघणाऱ्या पिवळ्या मूर्तीच्या मिरवणुकीचा फोटो घ्या आणि सॅच्युरेशन १.५वर नेऊन बघा. पिवळा म्हणजे लाल आणि हिरवा दोन्ही भरलेले. दोन्ही २५५ या कमाल आकड्याला टेकले की पुढे फरक उरत नाही, कापडाच्या चुण्या नाहीशा होतात आणि मूर्तीवर सपाट पिवळा ठिगळ दिसतो. संत्र्याच्या ढिगाचंही तेच, सालीवरचे बारीक खड्डे जातात.

## टप्पा ७: नको ते पुसा

वेफर्सच्या पाकिटासाठी 'हील' टूल (एच). वर नवा रिकामा पारदर्शक लेयर घ्या, टूल ऑप्शन्समध्ये 'सॅम्पल मर्ज्ड'वर खूण करा. कंट्रोल दाबून शेजारच्या स्वच्छ जागेवर क्लिक करा, मग पाकिटावर रंगवा. आधी कंट्रोल-क्लिक केलं नाही तर गिम्प काम करायला नकार देतं, कारण कुठून उचलायचं तेच त्याला माहीत नसतं.

लांबलचक एक फटका मारण्यापेक्षा छोटे छोटे द्या आणि स्रोताची जागा बदलत राहा, नाहीतर तीच गोटी चार ठिकाणी उमटते. जिथे दोन रंगांची कड भेटते, उदाहरणार्थ पाणी आणि दगड, तिथे हील डाग पसरवतो. त्या जागी 'क्लोन' (सी) वापरा.

## टप्पा ८: मराठी अक्षरं टाकायची असतील तर

तान्हा पोळ्याच्या शुभेच्छा लिहायच्या आहेत असं धरू. युनिकोड फॉन्ट हवा: मुक्ता, बालू, नोटो सान्स देवनागरी, असे कितीतरी मोफत मिळतात. फॉन्ट टाकल्यावर यादीत दिसला नाही तर फॉन्ट्सच्या पॅनलमध्ये यादी ताजी करा किंवा गिम्प बंद करून उघडा.

डीटीपीच्या दुकानातून आलेला मजकूर चिकटवला आणि अगम्य इंग्रजी चिन्हं आली तर तो कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत टाइप केलेला असतो. फॉन्ट बदलत बसून उपयोग नाही. तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या किंवा पुन्हा टाइप करा. युनिकोड मजकुराची जोडाक्षरं गिम्पमध्ये नीट जुळतात, तरी 'र्‍या', 'श्र', 'ळ्या' एकदा मोठं करून वाचा. काही फॉन्टांत रफार वरच्या वेलांटीला भिडतो.

## काहीच होत नाही, तेव्हा

टूल फिरवूनही फोटो ढिम्म राहतो. प्रत्येकाचं इथे अडतं. गिम्प बंद करण्याआधी याच क्रमाने बघा:

१. कंट्रोल + शिफ्ट + ए. कुठेतरी छोटीशी निवड राहिलेली असते आणि टूल फक्त तिच्या आत चालतं. दहापैकी निम्म्या वेळा कारण एवढंच.

२. लेयर्समध्ये कोणता लेयर निवडला आहे? त्याचा डोळा चालू आहे? वरचा लेयर त्याला झाकून टाकत नाही ना?

३. फोटोवर आहात की मास्कवर?

४. लेयरला कुलूप लागलं आहे का? पॅनलच्या वरच्या भागात 'लॉक'ची चिन्हं असतात.

५. टूल ऑप्शन्समध्ये ओपॅसिटी शून्याजवळ आहे का, ब्रशचं माप एक-दोन पिक्सेल तर नाही?

६. उघडलेला फोटो जिफ असेल तर 'इमेज'मधून 'मोड'मध्ये जाऊन 'आरजीबी' करा. नाहीतर अनेक फिल्टर फिकट, न दाबता येणारे दिसतात.

## टप्पा ९: माप, धार, निर्यात

याच क्रमाने. धार आधी देऊन मग माप घटवलं तर धार निघून जाते.

एक्ससीएफ सेव्ह करा. मग 'इमेज'मधून 'स्केल इमेज'. रुंदी-उंचीमधली साखळी जोडलेली असू द्या, नाहीतर चेहरे चपटे होतात. ४×६ प्रिंटला १८००×१२००. लहान फोटो ओढून मोठा करू नका, त्याने नवे बारकावे येत नाहीत.

'इमेज'मधून 'फ्लॅटन इमेज', मग 'फिल्टर्स', 'एन्हान्स', 'शार्पन'. रेडियस १, अमाउंट ०.५ इथून सुरुवात करा. केसांभोवती पांढरी रेघ दिसली की जास्त झालं.

आता निर्यात, म्हणजे वाटायची जेपेग फाइल काढणं: कंट्रोल + शिफ्ट + ई, 'तयार' फोल्डर, नावाच्या शेवटी डॉट जेपीजी. क्वालिटी ९०. ऑनलाइन अर्जासाठी ठरावीक केबीत फोटो हवा असेल तर प्रिव्ह्यूवर खूण करा, फाइलचा आकार तिथेच दिसतो. आधी पिक्सेल कमी करा आणि मग क्वालिटी. उलट केलं तर मोठा पण पिचलेला फोटो मिळतो.

लहान मुलांचे फोटो सार्वजनिक ठिकाणी टाकणार असाल तर 'सेव्ह एक्झिफ डेटा'वरची खूण काढा. मोबाइलने फोटोत ठिकाण नोंदवलेलं असू शकतं.

> सावधान: निर्यातीनंतर गिम्प बंद करताना 'सेव्ह करायचं का' विचारलं तर होय म्हणू नका. फ्लॅटन केलेली प्रत एक्ससीएफवर लिहिली जाईल आणि सगळे लेयर जातील. 'डिस्कार्ड' करा. लेयर असलेली फाइल तुम्ही आधीच सेव्ह केली आहे.

प्रिंटसाठी फाइल पेन ड्राइव्हवर न्या किंवा 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, आणि लॅबमध्ये 'ऑटो करेक्शन बंद ठेवा' असं सांगा. नाहीतर मशीन तुमच्या उजेडावर स्वतःचा उजेड चढवते. पन्नास प्रिंट काढायच्या असल्या तरी आधी एकच काढून घ्या आणि ती दाराबाहेर, उन्हाच्या सावलीत धरून बघा. अंधारी वाटली तर एक्ससीएफ उघडा, उजेडाच्या लेयरवर मधला त्रिकोण जरा डावीकडे सरकवा आणि पुन्हा निर्यात करा. त्यावर 'न्यू फ्रॉम व्हिजिबल'ने बनवलेला एकत्र लेयर असेल तर तो आधी पुसून नव्याने बनवा. तो खालचा बदल झाकून ठेवतो आणि दुसरी प्रिंटही पहिल्यासारखीच येते.